नऊ हजारांचा गठ्ठा की तीन कामाचे स्विच?

पत्र: मी चिंचवडला डेस्कटॉप सपोर्टमध्ये नोकरी करतो आणि सीसीएनएची (सिस्को कंपनीच्या नेटवर्किंगच्या परीक्षेची) तयारी करतोय. घरी सरावासाठी सिस्कोचे जुने स्विच (नेटवर्कमधली यंत्रं केबलने एकमेकांना जोडणारे डबे) घ्यायचे आहेत. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरचा एक दुकानदार २९५० मॉडेलचे पाच, ३५५० चा एक आणि एक छोटा रॅक असा गठ्ठा ९,००० रुपयांना द्यायला तयार आहे. ‘यात सीसीएनए आणि त्यापुढची सीसीएनपी, सगळं होऊन जाईल’ म्हणतो. त्याच्याकडेच सुटा २९६० १,८०० ला आणि ३५६० २,८०० ला आहे. माझं बजेट ७,०००, फार ताणलं तर ९,०००. दोन खोल्यांचं घर, आईबाबा सोबत. मोठा भाऊ म्हणतो, पॅकेट ट्रेसर (संगणकावरच आभासी नेटवर्क उभं करायचं सिस्कोचं सॉफ्टवेअर) फुकट मिळत असताना भंगारात पैसे कशाला घालतोस? गठ्ठा घेऊ का? आणि हे स्विच घरच्या वायफायलाही वापरता येतील का?

उत्तर:

गठ्ठा घेऊ नका. दुकानदार फसवतोय असं मी म्हणत नाही. पंधराएक वर्षांपूर्वी त्याचं बोलणं बऱ्यापैकी खरं होतं. तेव्हा घरच्या लॅबसाठी २९५० आणि ३५५० ही ठरलेली जोडी होती आणि त्या काळातला माल अजूनही गोदामांतून फिरतोय. पण तुम्ही देणार आहात ती २००-३०१ ही परीक्षा सुरू झाली २४ फेब्रुवारी २०२० ला. तिच्या अभ्यासक्रमात एसएसएच (दुरून सुरक्षितपणे स्विचमध्ये शिरण्याची पद्धत) आहे, डीएचसीपी स्नूपिंग आणि डायनॅमिक एआरपी इन्स्पेक्शन (नेटवर्कमध्ये पत्त्यांची खोटी माहिती घुसू न देणाऱ्या तपासण्या) आहेत, आयपीव्ही६ चं, म्हणजे नव्या लांब पत्त्यांचं, राउटिंग आहे. २९५० चं आयओएस, म्हणजे स्विच चालवणारं सिस्कोचं सॉफ्टवेअर, १२.१ वर येऊन थांबतं. त्यातल्या साध्या, म्हणजे स्टँडर्ड इमेजच्या मॉडेलांवर एसएसएचही नाही, टेलनेट या जुन्या, असुरक्षित पद्धतीवरच भागवावं लागतं. एआरपी इन्स्पेक्शनची कमांड तर त्याला माहीतच नाही. आणि ३५५० राउटिंग झकास करतो, पण आयपीव्ही४ चंच. म्हणजे नऊ हजार मोजून तुम्ही सहा डबे घरी आणणार आणि अभ्यासक्रमातला बराचसा सुरक्षेचा भाग पुन्हा पॅकेट ट्रेसरवरच करणार. मग भाऊ म्हणेल ते ऐकून घ्यावं लागेल.

त्याऐवजी त्याच दुकानातून दोन २९६० आणि एक ३५६० घ्या. हिशेब ६,४०० चा होतो. उरलेल्या ६०० मध्ये कन्सोल केबल (लॅपटॉपवरून स्विचला थेट कमांड द्यायची) आणि चारपाच पॅच कॉर्ड बसवायच्या. घासाघीस करायची असेल तर ती तीन स्विचच्या एकत्र भावात करा. तीन नग एकदम उचलणारं गिऱ्हाईक त्याला रोज मिळत नाही.

तीनच का, ते सांगतो, कारण गठ्ठ्याचा मोह आकड्यामुळेच होतो. लॅबमध्ये पोर्ट किती आहेत याला काही किंमत नाही. २४ पोर्टांपैकी पाचसहा तुम्ही वापराल. लागतो तो त्रिकोण. तीन स्विच एकमेकांना जोडले की लूप तयार होतो आणि लूप झाला की स्पॅनिंग ट्रीला, म्हणजे लूप ओळखून एक वाट बंद ठेवणाऱ्या यंत्रणेला, काम मिळतं. दोन स्विचमध्येही दोन केबल टाकून लूप करता येतो, पण कोणता स्विच रूट, म्हणजे मुख्य, झाला, कोणत्या दोघांमधली वाट बंद पडली आणि ती तिथेच का पडली, हे प्रश्न त्रिकोणातच नीट पडतात. चौथा स्विच आला की केबल वाढतात, ज्ञानात फारशी भर पडत नाही.

पहिल्याच आठवड्यात करून बघा. तिन्ही स्विच जोडा, काहीही कॉन्फिगर करू नका आणि प्रत्येकावर ‘शो स्पॅनिंग-ट्री’ मारा. प्रायॉरिटी तिघांचीही सारखीच, ३२७६८ अधिक व्हीलॅनचा (स्विचमधल्या आभासी नेटवर्कचा) क्रमांक १, म्हणून ३२७६९ दिसेल. बरोबरी झाली की ज्याचा मॅक ॲड्रेस सगळ्यांत लहान तो रूट होतो, आणि लहान मॅक बहुतेकदा आधी बनलेल्या यंत्राचा असतो. कंपनीत कुणी लक्ष घातलं नाही तर कोपऱ्यातला सगळ्यात म्हातारा स्विच अख्ख्या नेटवर्कचा कारभारी होऊन बसतो तो असा. आता पलीकडच्या स्विचला एक आयपी देऊन लॅपटॉपवरून त्याला सतत पिंग लावा आणि बंद पोर्ट ज्या स्विचवर आहे त्याची रूटकडे जाणारी केबल उपसा. बंद पोर्टाचा दिवा नारिंगीच राहतो आणि पडद्यावर ‘रिक्वेस्ट टाइम्ड आऊट’ची रांग लागते. अर्ध्या मिनिटाने दिवा हिरवा होतो, पिंग परत येतं. ते अर्धं मिनिट म्हणजे लिसनिंगचे १५ सेकंद आणि लर्निंगचे १५. मग तिन्हींवर ‘स्पॅनिंग-ट्री मोड रॅपिड-पीव्हीएसटी’ द्या आणि तीच केबल पुन्हा उपसा. या वेळी एखाददुसरं पिंग गेलं तर गेलं. हे आकडे पुस्तकात वाचून परीक्षेपुरते लक्षात राहतात. हाताने केबल उपसून पाहिले की ऑफिसमध्ये कुणी ‘नेट अर्धा मिनिट गेलं आणि आपोआप आलं’ म्हणाला की तुमची नजर आधी स्विचकडे जाते.

दोन २९६० आणि एक ३५६० अशी मिसळ सुचवण्यामागे आणखी एक कारण आहे. तिन्ही सारखे घेतले तर एक छान अडचण तुमच्या वाट्याला येणार नाही. ३५६० ला डॉट१क्यू आणि सिस्कोची जुनी आयएसएल अशा ट्रंकच्या, म्हणजे एकाच केबलवरून अनेक व्हीलॅन नेण्याच्या, दोन्ही पद्धती येतात. त्यामुळे नुसतं ‘स्विचपोर्ट मोड ट्रंक’ दिलं की तो ‘कमांड रिजेक्टेड’ म्हणतो. आधी ‘स्विचपोर्ट ट्रंक एन्कॅप्सुलेशन डॉट१क्यू’ सांगावं लागतं. २९६० ला डॉट१क्यूच येतं, म्हणून हीच ओळ त्याच्यावर टाकली तर तो ‘इनव्हॅलिड इनपुट’ म्हणून मोकळा होतो. क्लासच्या नोट्समधून कमांड उतरवून घेणारी मुलं इथे हमखास अडकतात.

व्हीलॅनमधलं राउटिंग ३५६० करेल. ‘आयपी राउटिंग’ चालू करा, प्रत्येक व्हीलॅनला आयपी द्या, झालं. ओएसपीएफ (वाटा आपोआप ठरवणारी राउटिंगची पद्धत) हवं असेल तर आयपी सर्व्हिसेस इमेजचा, म्हणजे आयओएसच्या वरच्या आवृत्तीचा, मिळाला तर उत्तम. खालच्या आयपी बेस आवृत्तीवरही १२.२(५५) पासून मर्यादित ओएसपीएफ येतं आणि शिकायला ते पुरतं. आयपीव्ही६ साठी मात्र ‘एसडीएम प्रेफर’ने ड्युअल टेम्प्लेट (स्विचच्या मेमरीची वेगळी वाटणी) निवडून स्विच एकदा रीलोड करावा लागतो. ते न केल्यामुळे ‘कमांडच नाही’ म्हणून वैतागलेले लोक मी पाहिलेत. समजा ३५६० तोपर्यंत विकला गेला, तरी लॅन बेसचे (हे काय, ते पुढे सांगतो) तीन २९६० घेऊन काम निघेल. त्याच १२.२(५५) पासून त्यांनाही ‘लॅनबेस-राउटिंग’ टेम्प्लेट मिळालं, १६ स्टॅटिक रूटपर्यंत. राउटर आत्ता घेऊ नका, तो भाग पॅकेट ट्रेसरवर चांगला होतो.

हे ‘लॅन बेस’ प्रकरण मात्र दुकानात जाण्याआधी डोक्यात पक्कं करा, कारण १,८०० रुपयांत दोन वेगळ्या वस्तू ‘२९६०’ या एकाच नावाने विकल्या जातात. लेबलवर पूर्ण नाव वाचा. शेवटी ‘एल’ असेल, जसं डब्ल्यूएस-सी२९६०-२४टीटी-एल, तर तो लॅन बेस, जास्त सुविधांचा. शेवटी ‘एस’ असेल तर लॅन लाइट: ६४ च व्हीलॅन, एआरपी इन्स्पेक्शन नाही, राउटिंगचं टेम्प्लेट नाही. ६४ व्हीलॅनचं तुम्हाला घरी काही अडणार नाही, बाकीच्या दोन्हींचं अडेल. ३५६० मध्ये ‘२४टीएस’ म्हणजे साधा आणि ‘२४पीएस’ म्हणजे पीओईवाला, नेटवर्कच्या केबलमधूनच वीज पुरवणारा. पीएसमध्ये २४ पोर्टांना प्रत्येकी १५.४ वॅट देता यावेत म्हणून ३७० वॅटची तरतूद असते. त्याचा पंखा आणि वीज दोन्ही तुमच्या काही उपयोगाचे नाहीत. भाव सारखाच असेल तर टीएस उचला. गिगाबिटवर जास्त पैसे घालू नका. पुढच्या बाजूचे एसएफपी खाचे (फायबरचे वगैरे मॉड्यूल बसवायचे) रिकामे असतील तर असू द्या. ट्रंक साध्या १०० एमबीपीएसच्या पोर्टवरूनही तेवढीच शिकता येते.

आता दुकानात काय करायचं. लॅपटॉप, यूएसबीची कन्सोल केबल आणि एक पॅच कॉर्ड घेऊन जा. केबल आधी विकत घ्या आणि एफटीडीआय चिपची घ्या. प्रोलिफिकच्या नकली चिपच्या केबल बाजारात पुष्कळ आहेत आणि विंडोजचा ड्रायव्हर त्या ओळखून नाकारतो. मग स्विच चांगला असूनही पडदा कोराच राहतो आणि तुम्ही दोष स्विचला देता. पुटी या कमांड द्यायच्या प्रोग्रॅममध्ये वेग ९६००, फ्लो कंट्रोल बंद. कन्सोलचा पोर्ट या मॉडेलांना मागच्या बाजूला असतो. घाईत पुढच्याच एखाद्या पोर्टात केबल खुपसून वाट बघत बसू नका.

केबल लावून मगच स्विचला वीज द्या, म्हणजे पहिल्या ओळीपासून वाचता येईल. यंत्र स्वतःची तपासणी करत जातं आणि प्रत्येक चाचणीपुढे ‘पास्ड’ लिहितं. एखादी ‘फेल्ड’ दिसली, किंवा ‘सिस्ट’ लिहिलेला, यंत्राची तब्येत दाखवणारा दिवा नारिंगी होऊन तसाच राहिला, तर भाव कितीही कमी केला तरी तो नग बाजूला ठेवा. गाडी ‘स्विच:’ अशा प्रॉम्प्टवर येऊन थांबली तर फ्लॅशमध्ये आयओएसच नाही किंवा बिघडलेलं आहे. तेही नको. आयओएस सिस्कोच्या साइटवरून उतरवायला सर्व्हिस काँट्रॅक्ट लागतं आणि ‘घरी गेल्यावर पेनड्राइव्हवर देतो’ या आश्वासनावर तीन स्विच घ्यायचे नसतात. आत जो आयओएस आहे तोच तुम्हाला मिळणारा आयओएस असं धरून चाला. इमेजच्या नावात ‘के९’ दिसलं पाहिजे, तरच एसएसएच चालेल. ‘शो व्हर्जन’मध्ये दिसणारा सीरियल नंबर आणि पाठीवरच्या लेबलचा नंबर एकच आहे ना ते बघा. ‘शो एन्व्ह ऑल’ मारलं की पंखा आणि तापमान कळतं.

पासवर्ड विचारला तर घाबरू नका, आणि दुकानदाराला त्यापायी भाव वाढवून सांगू देऊ नका. हा माल कंपन्यांमधून येतो, पासवर्ड असणारच. वीज काढा, पुढचं मोड बटण दाबून धरा, वीज द्या. लोडरच्या प्रॉम्प्टला ‘फ्लॅश_इनिट’ द्या, ‘कॉन्फिग.टेक्स्ट’ या फाइलचं नाव बदला, ‘बूट’ म्हणा. कुणी पासवर्ड रिकव्हरी बंद करून ठेवली असेल तर सगळं पुसून मूळपदावर आणायचं का, एवढंच तो विचारतो. हो म्हणायचं. तुम्हाला जुनं कॉन्फिगरेशन नकोच आहे.

मग पॅच कॉर्डचं एक टोक पहिल्या पोर्टात आणि दुसरं दुसऱ्या पोर्टात लावा. थोड्या वेळाने एक दिवा हिरवा आणि एक नारिंगी झाला तर दोन्ही पोर्ट जिवंत आहेत आणि स्पॅनिंग ट्रीने लूप ओळखलाय. दुकानदार ‘दुसरा पोर्ट खराब आहे, शंभर कमी द्या’ म्हणाला तर तुमचं नशीब. अशा जोड्या करत पुढे सरका. दहा मिनिटं लागतात. दोनतीन पोर्ट मेलेले निघाले तरी हरकत नाही. पण सलग आठचा गट मेलेला असेल तर आतलं काहीतरी गेलंय, तो नको. आठवड्याची चेकिंग वॉरंटी मागा आणि बिलावर लिहून घ्या.

घरी आणल्यावर पहिलं काम ‘राइट इरेज’. पण तेवढ्याने भागत नाही. व्हीलॅनची माहिती वेगळ्या फाइलमध्ये असते, तिच्यासाठी ‘डिलीट फ्लॅश:व्हीलॅन.डॅट’ वेगळं द्यावं लागतं, मग ‘रीलोड’. ही फाइल तशीच ठेवून स्विच दुसऱ्यांना जोडला, व्हीटीपीचं (व्हीलॅनची यादी स्विचांमध्ये पसरवणाऱ्या पद्धतीचं) डोमेन एकच निघालं आणि जुन्याचा रिव्हिजन नंबर मोठा असला, तर तो स्वतःची व्हीलॅनची यादी बाकीच्यांवर लादतो. घरी याने तासभर जाईल. ऑफिसच्या नेटवर्कला असा जुना स्विच सहज म्हणून जोडला तर अख्ख्या मजल्याचे व्हीलॅन उडू शकतात, तेव्हा तिथे हात आवरा. जुन्या कॉन्फिगरेशनमध्ये कुणा कंपनीचे आयपी, नावं, एसएनएमपीच्या (देखरेखीच्या) स्ट्रिंग दिसतील. त्या वाचून कुणाला दाखवत बसू नका, पुसून टाका. आणि आयओएसची एक प्रत टीएफटीपीने (फाइल पाठवायच्या साध्या पद्धतीने) लॅपटॉपवर काढून ठेवा.

एसएसएच चालू केल्यावर तुमचा लॅपटॉप कदाचित जोडायलाच नकार देईल. दोष दोघांपैकी कुणाचा नाही. स्विचला येणाऱ्या किल्ल्यांच्या आणि संकेतनाच्या जुन्या पद्धती नवीन ओपनएसएसएचने बंद केल्यात. त्या एकेक करून परत परवानगीत घ्याव्या लागतात, आणि ते करताना एसएसएच आतून कसं चालतं याचा चांगला अभ्यास होतो.

घरच्या वायफायचं विचारलंत. सरळ नको म्हणतो. एक म्हणजे १०० एमबीपीएसचे पोर्ट तुमच्या फायबरला आणखी हळू करतील. दुसरं, तुम्ही सरावाला डीएचसीपी सर्व्हर (आपोआप आयपी वाटणारा) उभा करणार आणि केबल चुकून घरच्या राउटरला लागली की बाबांच्या फोनला तुमच्या लॅबचा आयपी मिळणार. सगळ्यात मोठं कारण म्हणजे या यंत्रांचा सपोर्ट संपलाय. मार्च २०१७ मध्ये विकिलीक्सच्या कागदपत्रांतून टेलनेटमधलं एक भगदाड बाहेर आलं, त्यात सिस्कोचे ३०० हून जास्त मॉडेल सापडले आणि २९६०, ३५६० त्यांत होते. पुढच्या वर्षी स्मार्ट इन्स्टॉल या स्विच आपोआप कॉन्फिगर करणाऱ्या सोयीतलं दुसरं निघालं. लॅबमध्येही ‘नो व्हीस्टॅक’ देऊन ते बंद करायची सवय लावा, आणि लॅबची केबल इंटरनेटपर्यंत पोहोचू देऊ नका.

दोन खोल्यांच्या घरात खरा प्रश्न आवाजाचा आहे. दीडदोन इंच उंचीच्या डब्यात बसणारे छोटे पंखे किणकिण वाजतातच, आणि धूळ बसलेला पंखा तर रात्री अकरानंतर भांडणाचं कारण होतो. ब्रशने साफ करा, उपयोग होतो. एखादा नग ‘२९६०-८टीसी-एल’ मिळाला तर बघा. आठ पोर्टांचा, बिनपंख्याचा, अजिबात आवाज नाही. विजेचं म्हणाल तर तिन्ही मिळून साधारण १०० वॅट धरा. रोज तीन तास चालवले तर महिन्याला नऊ युनिट. दिवसरात्र तसेच ठेवले तर ७२, आणि मग महावितरणच्या बिलाचा टप्पाही बदलू शकतो. अभ्यास झाला की बटण बंद. या स्विचना स्वतःचं बटण नसतं, म्हणून बटणवाला एक्स्टेंशन बोर्ड घ्या, आणि तो अर्थिंग असलेल्याच सॉकेटला लावा. डबा लोखंडी आहे, अर्थिंग नसेल तर हाताला झिणझिण लागते.

भावाचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. पॅकेट ट्रेसर सोडू नका. ओएसपीएफ, एनएटी (पत्ते बदलणं), एसीएल (कुणाला जाऊ द्यायचं याचे नियम) आधी त्यावर करा. सिस्को मॉडेलिंग लॅब्ज या सिस्कोच्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरची पाच नोडपर्यंतची (पाच आभासी यंत्रांची) आवृत्तीही आता फुकट आहे. तुम्ही परीक्षा पास होण्यापुरतंच बघत असाल, तर स्विच न घेताही होईल, हे मी कबूल करतो. पण तुम्ही डेस्कटॉप सपोर्टमधून नेटवर्कच्या कामाकडे जाऊ बघताय. मुलाखतीत कुणी समोर कन्सोल केबल ठेवून ‘हा स्विच उघडून दाखवा’ म्हणालं तर आधी लॅपटॉपवर कॉम पोर्टचा नंबर शोधावा लागतो. पॅकेट ट्रेसरवर तो कधी शोधावा लागत नाही. नकली चिप, उलटसुलट क्रिंप झालेली केबल, एका बाजूला फुल आणि दुसऱ्या बाजूला हाफ डुप्लेक्स, यांतलं बरंचसं तिथे होतच नाही. ६,४०० रुपये त्याचे आहेत.

शेवटचं, दुकानदार कदाचित ‘त्यापेक्षा नवीन २९६०-एक्स घ्या, स्वस्तात देतो’ म्हणेल. २०२० मध्ये एफ-सिक्युअर या सुरक्षा कंपनीच्या लोकांनी याच मॉडेलचे दोन नकली स्विच उघडून त्यांवर सविस्तर अहवाल काढला होता. ते एका कंपनीत बिनबोभाट चालू होते आणि सॉफ्टवेअर अपग्रेड केल्यावर बंद पडले, तेव्हा कुठे पत्ता लागला. भाव फारच कमी असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. जुन्या २९६० ची नक्कल करण्यात आता कुणालाच नफा उरलेला नाही, आणि तुमचं काम त्यावरच होणार आहे. रॅकसुद्धा नको. तीन स्विच एकावर एक, मध्ये रबरी पाय, कपाटाच्या वरच्या फळीवर बसतात. फक्त मागच्या बाजूला हवेला वीतभर जागा सोडा.